‘मर’ टॅगखालची नऊ रानं

संपादकांनी फोनवर सांगितलं, “तुमच्या कामाबद्दल लिहा. निवांत बसून लिहा.” यातलं पहिलं जमेल. निवांत बसणं मला बासष्टाव्या वर्षीही जमलेलं नाही. एवढी चार वाक्यं लिहीपर्यंत मी दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आलोय. मोटरसायकल उभी दिसली की पाय वळवळतात. मंचरहून निघायचं, अवसरीत दोन रानं बघायची, मग हमरस्त्याला लागून आळेफाट्यावरून राजुरीकडे वळायचं, वाटेत कुणी हात केला की उतरायचं. अठ्ठावीस वर्षं हेच केलं. आता गुडघ्यांनी फेऱ्या निम्म्यावर आणल्यात.

मी टोमॅटोचा सल्लागार. कृषी पदविका घेतली, दोन वर्षं एका औषधांच्या दुकानात काढली, मग स्वतःचंच काम सुरू केलं. लोक मला ‘सर’ म्हणतात, कुठल्याच शाळेत मी शिकवलेलं नाही. लागणीनंतर पंधरा दिवसांनी पहिली भेट, तारा-बांबू झाले की दुसरी, फुलोऱ्यात तिसरी आणि तोडा सुरू होताना चौथी. एका हंगामात एका रानाला चार भेटी आणि मधले असंख्य फोन. बाहेरच्या माणसाला वाटतं, सल्लागार म्हणजे औषधाचं नाव सांगणारा. नाव तर दुकानदारही सांगतो, आणि बाटलीवर छापलेलं असतंच. माझं खरं काम लक्षात ठेवण्याचं. या रानात आधी वांगी होती का, विहिरीचं पाणी मार्चनंतर कसं होतं, गेल्या खेपेला करपा कुठल्या कोपऱ्यातून आला, हे शेतकरी विसरतो. तो विसरला तर चालतं, मी विसरून चालत नाही.

आणि मी विसरायचो. सुरुवातीला खिशातल्या डायऱ्या होत्या. एक विहिरीत पडली, एक बैलाने चघळली, बाकीच्या घामाने गेल्या. मग रकाने आखून रजिस्टर केलं. रजिस्टरची अडचण अशी की माणूस रकान्यात मावत नाही. अवसरीचे बबनराव घ्या. ‘पाणी’ या रकान्यात त्यांच्या विहिरीची खोली लिहायची, की चुलतभावाशी पाण्याच्या पाळीवरून चाललेली धुसफूस? पिकाला दोन्ही लागू. रकाना एकच, तोही बोटभर.

पुढे लॅपटॉप घेतला आणि त्यात तेच रजिस्टर पुन्हा आखलं, म्हणजे मूर्खपणा विजेवर चालू केला. तो एकदा बंद पडला तेव्हा जुन्नरला इक्बालभाईंच्या दुकानात गेलो. संगणक दुरुस्त करणारा हा माणूस कमी बोलतो आणि दुसऱ्याच्या चुका बघून हसत नाही. त्यांनी माझं रजिस्टर वाचवून दिलं आणि म्हणाले, “साहेब, हे एवढं भारी कशाला ठेवता? साधी अक्षरांची फाईल ठेवा. वीस वर्षांनी, कुठल्या पण मशीनवर उघडंल.”

त्यांनी लॅपटॉपवर आणि मोबाईलवरही एक छोटा प्रोग्रॅम टाकून दिला, फाईल दोन्हीकडे एकच. त्यात दुसरं काही नसतं, नुसत्या ओळी. एक ओळ लिहायची, ‘बबनराव, अवसरी’. तिच्याखाली थोडी आत सरकवून ‘वरचं रान’. त्याच्याखाली आणखी आत ‘पहिली भेट’, आणि त्याच्या पोटात जे दिसलं ते. वरच्या ओळीवर टिचकी मारली की खालचं सगळं मिटतं, पुन्हा मारली की उघडतं. एवढंच असतं तर मी आठ दिवसांत कंटाळलो असतो. जाताजाता इक्बालभाईंनी टॅग दाखवला. “शब्दाच्या आधी ही आडव्याउभ्या रेघांची खूण टाका. मग तो शब्द दाबला की तेवढ्याच ओळी समोर येतात, कुठल्याही गावच्या असू दे. बाकीच्या झाकल्या जातात, जात नाय कुठं.”

माझा स्वभाव उतावळा. घरी येऊन कागदावर चोवीस टॅग ठरवले, रोगांचे, किडींचे, खतांचे, आणि कागद भिंतीला चिकटवला. महिनाभरात त्यातला एकही वापरात राहिला नाही. रानात उभं राहून अंगठ्याने मोबाईलवर टिपताना भिंत आठवत नाही, समोरचं झाड दिसतं. हळूहळू कळलं की टॅग आधी ठरवायचाच नाही. आज नुसतं लिहायचं, पुढच्या महिन्यात त्यात काही सारखं दिसलं की मागे जाऊन लावायचा. नको वाटला की काढायचा. एका ओळीला पाच लावले तरी ओळ तक्रार करत नाही. मग कसले कसले टॅग झाले. ‘पुन्हाबघ’ होता. ‘खारंपाणी’ होता. ‘आजोबांनाविचार’ होता, कारण काही घरांत सल्ला तरुणाला द्यायचा असतो आणि औषध आजोबा म्हणतील तेव्हाच फवारलं जातं.

आणि ‘ऐकतनाही’ होता. तो बबनरावांना लागला होता. मी बांधावर बसून टिपत असताना त्यांनी मागून डोकावून वाचलं.

“सर, हे मलाच का लावलंय?”

“दोनदा सांगितलं पाणी कमी करा. केलं का?”

“आता केलं तर काढता व्हय?”

“काढतो की.”

आठव्या दिवशी त्यांचा फोन. पाणी कमी केलं होतं, झाडं खुलली होती, पण हे सांगायला फोन नव्हता. “काढलं का ते?” एवढंच विचारलं. मी काढलं, आणि काढल्याचा फोटो पाठवला तेव्हा त्यांचं समाधान झालं. शब्द छोटा होता, तरी त्या माणसाला आठ दिवस टोचत होता. मला त्याची गंमत वाटली. तेव्हा मी थोडा अस्वस्थ व्हायला हवं होतं.

आता मर सांगतो. हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं, दुसऱ्या दुपारी पुन्हा टाकतं आणि चौथ्या दिवशी उभ्या उभ्या जातं. पान पिवळं पडत नाही, डाग येत नाही. मातीतला जिवाणू मुळातून आत शिरून झाडाच्या नळ्या बुजवतो. त्याला औषध असं नाही. झाड उपटायचं, जाळायचं, आणि त्या मातीत काही वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची लावायची नाही. ते ओळखायची एक साधी चाचणी आहे. आजारी झाडाचं खोड बुडाजवळ तिरकं कापायचं आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरायचं. मर असेल तर दोन मिनिटांत कापल्या जागेतून दुधाचा दोरा खाली सुटल्यासारखा दिसतो.

ही चाचणी माझी आवडती. मी वाटेवरच्या, माझ्या फेरीत नसलेल्या एखाद्या रानातलं आजारी झाड पिशवीत घालून पुढच्या रानात न्यायचो आणि तिथल्या शेतकऱ्याला घरून ग्लासभर पाणी आणायला सांगायचो. खोड नव्याने कापून पाण्यात धरलं की बायामाणसं जमायची. दोरा सुटला की सगळे एकदम वाकायचे. मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, “हे बघून ठेवा. असं झाड दिसलं की मला फोन करायचा.” मग ग्लास मोकळा करून परत द्यायचो. लोक हा प्रयोग लक्षात ठेवत. एका ठिकाणी मी तो दुसऱ्यांदा करायला लागलो तेव्हा घरची म्हातारी म्हणाली, “हे मागल्या टायमाला बी दावलंत की.” मला ओशाळल्यासारखं झालं. तेव्हापासून जिथे दाखवला त्या भेटीला मी ‘ग्लास’ असा टॅग लावायला लागलो. उद्देश एवढाच की पुन्हा तीच गंमत करून हसं होऊ नये.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळी लागणीत मर आली. आधी एका रानात, मग तिसऱ्या आठवड्यात चार रानांत, मग मोजून नऊ. बबनरावांचं वरचं रान त्यातलंच, काळ्या मातीचं, त्यांचं सगळ्यांत आवडतं. मी सकाळी सहाला निघायचो आणि जेवायलाही धड बसायचो नाही. घरी बायको, सुनंदा, म्हणायची, “ताटावर बसून मोबाईलवर अंगठा फिरवू नका.” पण डोक्यात एकच होतं, या नऊ रानांत सारखं काय आहे. बियाणं वेगवेगळं, खतं वेगवेगळी, विहिरी वेगवेगळ्या. मग मी प्रत्येकाला विचारलं, रोपं कुठून आणली. नऊच्या नऊ जणांनी राजुरीच्या विमलताईंचं नाव सांगितलं. मी नऊ ओळींना ‘विमलताई’ असा टॅग लावला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

विमलताईंची रोपवाटिका म्हणजे राजुरीच्या शिवारातली हिरव्या जाळीची दोन लांब शेडं. नवरा चाकणला कंपनीत. यांनी घरामागे थोड्या ट्रेमध्ये रोपं करून सुरुवात केली आणि दहा वर्षांत गावातल्या सात बाया त्यांच्याकडे कामाला येऊ लागल्या. रोप मुळाशी पांढरं आणि वर बुटकं, जाड. मीच कितीतरी जणांना सांगितलेलं, त्यांच्याकडून घ्या. म्हणून मला रागही आला. आपण भरवसा दिला आणि बाईने दगा दिला असं काहीसं.

त्याच सुमाराला अवसरीत देवळाच्या सभामंडपात शेतकऱ्यांची बैठक झाली. मला मर या विषयावर बोलायला बोलावलं होतं. भिंतीवर चित्र पाडायची सोय होती. मी माझी फाईल उघडली, ओळी मिटवून उघडून दाखवल्या, टॅग म्हणजे काय ते सांगितलं. लोकांना मौज वाटत होती आणि मला चेव आला होता. मी ‘मर’ दाबलं, नऊ नावं आली. मग त्यातच ‘विमलताई’ दाबलं. एकही नाव गळलं नाही, नऊच्या नऊ भिंतीवर तशीच राहिली. मी तोंडाने काहीच बोललो नाही. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो की मी कुणावर आरोप केला नाही, फक्त दाखवलं. मागच्या रांगेत मोबाईल वर झाले आणि भिंतीचे फोटो निघाले.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, विमलताई मंचरला माझ्या घरी आल्या. मोबाईलमध्ये तो भिंतीचा फोटो होता, हातात नोंदणीची वही होती. सुनंदाने पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नाही.

“सर, खरिपाची सगळी नोंदणी लोकांनी रद्द केली. बायांना उद्यापासनं येऊ नका म्हनलंय. एक शेड उतरवायला काढलंय,” त्या म्हणाल्या. “रडायला न्हाई आले. एक इचारायचंय.”

“विचारा.”

“हे जे तुमी दाबलं की माझं नाव येतं, ते कुठं कुठं लावलंय?”

“जिथे तुमची रोपं आहेत तिथे.”

“मंग नऊच कशी?” त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. “ही बघा समदी नावं. ह्यातली तुमची गिऱ्हाईकं किती हायती तुमीच सांगा. ह्यांच्या रानात रोपं चांगली आली. तिथं माझं नाव का न्हाई?”

मी वही बघितली. एका पानावरच माझी पाच रानं निघाली, पाचही ठणठणीत. त्या पाचांना मी कधी विचारलंच नव्हतं की रोपं कुणाची. झाड चांगलं असताना रोपाची चौकशी कोण करतो? टॅग मी फक्त दुखणं असलेल्या ठिकाणी लावला होता, आणि मग दुखणं असलेल्या ठिकाणीच तो सापडला म्हणून मला मोठा शोध लागला होता. सव्वीस वर्षं काम केलेल्या माणसाची ही चूक. मी काहीतरी पुटपुटलो, की बघतो, तपासतो.

“बघा,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतरचे आठ दिवस मी घरच्यांना नकोसा झालो असणार. वहीतल्या नावांना एकेक फोन लावून, खात्री करून, जिथे जिथे त्यांची रोपं होती तिथे टॅग लावत गेलो. शेवटी तो दाबला तेव्हा एकतीस ओळी आल्या. नऊ आजारी, बावीस निरोगी. रोपातच दोष असता तर बावीस ठिकाणी गप्प कसा बसला असता? मग आणखी एक गोष्ट, जी मला पहिल्या दिवशीच सुचायला हवी होती. रोपातून आलेली मर रानभर विखुरलेली दिसते, इथे एक झाड, तिथे एक झाड. माझ्याच टिपणांत मी लिहून ठेवलं होतं, ‘रस्त्याकडच्या सरीत सुरू’, ‘गेटापासच्या चार झाडांत’, ‘घराकडच्या टोकाला’. मी त्या सगळ्या ओळींना ‘रस्त्याकडून’ असा नवा टॅग लावला. आठ रानांत रोग माणूस जिथून आत येतो तिथून सुरू झाला होता. नववं रान बबनरावांच्या बांधाखालचं, त्यात वरचं पाणी झिरपून यायचं.

म्हणजे कुणीतरी तो चालत आणला होता. मजूर? आठही ठिकाणच्या टोळ्या वेगळ्या. फवारणीवाला? वेगळा. मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. मोबाईलवर दोन-दोन टॅग जोडून बघत होतो, ‘मर’ आणि ‘खारंपाणी’, ‘मर’ आणि ‘आजोबांनाविचार’, काहीही. सुनंदा वैतागून ग्लासभर पाणी घेऊन आली, म्हणाली, “आधी घोटभर प्या आणि खाली बसा.” मी अर्धं प्यालो, अंगणात गेलो आणि उरलेलं पाणी कढीपत्त्याच्या बुडात ओतलं.

पाणी ओतून हात मोकळा झाला आणि मी तिथेच थांबलो. आमच्याकडे उरलेलं पाणी कुणी फेकत नाही. पाहुण्याने तांब्यातलं घोटभर ठेवलं तरी ते जवळच्या झाडाला जातं. हे कुणी शिकवत नाही, हातालाच माहीत असतं. रानात ग्लास मोकळा करून परत देताना मी ते पाणी कुठे मोकळं करत होतो?

मी आत येऊन ‘मर’ आणि ‘ग्लास’ जोडून दाबलं. आठ ओळी. आठांतही ग्लासची भेट आधीची आणि मर दोन-तीन आठवड्यांनी. नववी ओळ नव्हती, ती बांधाखालची. दुधाचा दोरा सुटलेलं ते पाणी, ज्यात दुसऱ्याच्या रानातला रोग नुसता डोळ्यांना दिसत होता, ते मी बांधावरून वाकून पहिल्या सरीतल्या झाडाच्या बुडाशी घातलं होतं. लोकांनी रोग ओळखायला शिकावं म्हणून.

‘ग्लास’ असूनही मर न आलेली सहा रानं होती. मी त्यांना फोन लावले. प्रश्न इतका विचित्र होता की नीट विचारताही येईना.

“मी ग्लासातलं दाखवलं होतं ना, ते पाणी नंतर कुठे ओतलं?”

“कुठलं पाणी, सर?” राजुरीच्या वरच्या आळीचा एक जण म्हणाला. मग थोडं आठवून, “घरापुढं ओट्यावर बसलो व्हतो आपुन. तुमी जास्वंदीला घातलं. का वं?”

सहांपैकी चौघांकडे ओटा किंवा अंगण निघालं. दोघांना काही आठवेना. हे काही प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं नाही, आणि कुणी हट्टाने वाद घातला तर दोन पळवाटा मी त्याला देऊ शकतो. पण मला त्या दिवशी पळवाट नको होती. मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजुरीला गेलो. एका शेडची जाळी काढून गुंडाळून ठेवली होती, नुसते पाइप उभे होते. दुसऱ्यात विमलताई आणि एकच बाई रिकामे ट्रे धूत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बोलताना माझा आवाज चढत होता, कारण मध्ये थांबलो तर पुढचं सांगवणार नाही असं वाटत होतं. त्यांनी हातातला ट्रे धुऊन पालथा घातला आणि मग विचारलं, “ह्याच्यात तुमचं नाव कुठाय?”

“माझं कसं असेल? फाईल माझीच आहे.”

“लावा.”

मी क्रेटवर बसलो आणि आठ ओळी काढल्या. काय लिहू म्हणून थांबलो तर त्या म्हणाल्या, “सर लिहा. लोकं त्याच नावानं वळखतात.” मी आठ ठिकाणी ‘सर’ लावलं आणि खाली काय केलं ते एका वाक्यात लिहिलं. प्रत्येक वेळी त्या वाकून बघत होत्या. झाल्यावर मी म्हणालो, “तुमचं नाव काढून टाकतो आता.”

“काढायचं न्हाई. एकतीसच्या एकतीस ठिकाणी ऱ्हाऊ द्या.”

मग मी तिथूनच बबनरावांना फोन लावला आणि विमलताईंनाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. मी सांगितलं की दोष रोपांचा नव्हता, माझा होता. पलीकडे बबनराव हसले. “ताईंनी गाठलं वाटतं तुमाला. सर, तुमचा स्वभाव लई मऊ. आमाला ठावं हाय काय झालंय ते, भितीवर बघितलंय आमी.” मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, “असू द्या, असू द्या,” आणि फोन ठेवला.

“फोनवर न्हाई व्हायचं,” विमलताई म्हणाल्या. “जाऊन दावा. त्यांच्या हातात द्या आन् त्यांनाच दाबू द्या.”

मी थेट अवसरीला गेलो. रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी दोनदा गाडी थांबवून झाडाखाली उभा राहिलो. मनात येत होतं, बबनरावांची माती तर गेलीच आहे, आता सांगून ती परत येणार नाही. माझं नाव तेवढं जाईल, उरलेली रानंही जातील, साठीला दुसरं काय करणार? हे मी खोटं सांगत नाही, परत फिरायचं असं एकदा ठरवलंसुद्धा होतं. पण मग ते पालथे घातलेले ट्रे डोळ्यांपुढे आले आणि गाडी पुढे घेतली.

बबनराव अंगणात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. मला बघून त्यांनी घरात आवाज दिला, “सर आलेत, च्या टाक गं,” आणि बाजेवरचं सामान बाजूला करून ते एका कडेला बसले. मी बसलो नाही. लॅपटॉप उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि कुठे दाबायचं ते दाखवलं. त्यांनी बोट धोतराला पुसून आधी ‘विमलताई’ दाबलं. एकतीस नावं आली. त्यांनी ती सगळी वाचली, ओठ हलवत, ओळखीच्या नावाशी थांबत. मग ‘मर’ आणि ‘ग्लास’ दाबलं, आणि शेवटी ‘सर’. तिसऱ्या ओळीत त्यांचं स्वतःचं नाव होतं, वरचं रान, भेटीची तारीख, आणि खाली मी सकाळी क्रेटवर बसून लिहिलेलं वाक्य: ‘आजारी खोडाचं पाणी मी पहिल्या सरीत ओतलं.’

पडदा आपोआप काळा झाला तेव्हा त्यांनी बोट लावून पुन्हा उजळला आणि पुन्हा वाचलं.

“मला आठवतंय,” ते म्हणाले. “ग्लास मीच आणून दिला व्हता.”

त्यांनी झाकण बंद करून लॅपटॉप बाजेच्या कडेला ठेवला आणि घराकडे तोंड करून म्हणाले, “च्या उतरव गं. नको करू.”

मग खिशातून मोबाईल काढून नंबर शोधला. “ताई, मी अवसरीचा बबन. चुकलं आमचं.” पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. बबनराव ऐकत राहिले. मग म्हणाले, “वरच्या रानात आता टमाटं न्हाई व्हायचं काही वरसं. झेंडूची रोपं करून द्याल का?” आणि किती ट्रे लागतील, कधी लागतील, हे बोलत ते बांधाच्या दिशेने चालत गेले. माझ्याकडे त्यांनी वळून बघितलं नाही. त्यांची बायको दारात आली, माझ्याकडे बघून आत गेली.

मला कुणी जा म्हणालं नाही. मी लॅपटॉप पिशवीत घातला, गाडी रस्त्यापर्यंत ढकलत नेली आणि तिथे चालू केली. नऊपैकी अजून आठ रानांत जायचं होतं.